बिनचिठ्ठीची बाटली

नाही, त्या ताटलीला हात नका लावू. — अहो, तसं काही नाही, मोडक्यातोडक्या पाई आहेत त्या, पाहुण्याला द्यायच्या नव्हेत, एकीची पारी फुटलीय, दुसरीतून चेरीचा रस बाहेर आलाय. तुम्ही बसा. त्या स्टुलावर नको, ते डुगडुगतं, इथे खिडकीपाशी बसा. गाडी बाहेर थांबवलीय का? थांबेल हो ड्रायव्हर, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. मला ठाऊक आहे चार वाजता पाहुणे येणार ते, तुमच्या सासूबाईंनी काल दोनदा फोन केला — चाळीस सफरचंदाच्या, चाळीस प्लमच्या, चाळीस चेरीच्या, आणि पाई कशी हवी, तर एका घासाची, तोंडात टाकली की संपली पाहिजे, कुणाच्या कपड्यांवर सांडता कामा नये. अकरा वर्षं तेच सांगतात आणि अकरा वर्षं मी तेच करते. सुट्ट्या लागल्या की तुमच्याकडे सगळं गोत जमतं आणि माझे डबे जातात. तुम्ही नव्या, तुम्हाला कसं माहीत असणार. धाकट्या सूनबाई ना? वाटलंच. मोठीला ओळखते मी, ती आली की आधी डबे मोजते आणि मग कशा आहात विचारते. तुम्ही आधी विचारलंत. तिथेच माझी पंचाईत झाली.

डबे ना, डबे तयार आहेत, ते काय टेबलावर, आठच्या आठ, दोरीसुद्धा बांधली. म्हणजे भाजून झाल्यात, गार झाल्यात, भरून झाल्यात. फक्त एक बघायचं राहिलंय. काय म्हणजे — तसं काही नाही हो. तुम्ही पाणी घेता का? नको? बरं. तुम्ही कधी केल्यात पाई? नाही ना. अहो, मोठ्या पाईचं काही नाही, मोठी पाई कुणीही करील, एक सारण, एक थाळी, चुकलं तर वरून साखर भुरभुरायची. एवढ्याशा पाईला लपायला जागा नसते. पारी जाड झाली तर नुसता मैदा लागतो, पातळ झाली तर सारण फाडून बाहेर येतं. आणि पारीचं सगळं असतं थंडपणात — लोणी दगडासारखं थंड हवं, मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळहात लागू द्यायचा नाही, तळहात गरम असतो. रव्यासारखं कणीदार झालं की बर्फाचं पाणी, आणि त्या पाण्यात थोडं व्हिनेगर. हो, व्हिनेगर. सगळ्यांना नवल वाटतं. त्याने पारी चिवट होत नाही, खुसखुशीत राहते, आणि भाजल्यावर चव जाते त्याची. एवढ्या पिठाला चार चमचे. सकाळी सहा वाजता मी ते घातले. चार चमचे. मोजून.

मी ना, तुम्हाला एक काम सांगणार आहे, हसू नका. माझ्याकडे दोन बाटल्या आहेत. ह्या दोन. त्यातली व्हिनेगरची कुठली तेवढं हुंगून सांगाल? मला सर्दी झालीय. — नाही, शिंका नाहीत, नाक वाहतही नाही, ही कोरडी सर्दी, बंद झाल्यासारखं होतं नुसतं, असते काहींना. आठ महिने झाले आता तिला, पण —

हो. आठ महिने म्हटलं मी.

बसा. उठू नका, बसा ना. सांगते.

सर्दी नाही. ताप आला होता मला, आठवडाभर, तसा सगळ्यांनाच आला होता त्या सुमाराला. उतरला. उठले, चहा ठेवला, तर चहा म्हणजे नुसतं गरम गोड पाणी. म्हटलं, येईल हळूहळू. दोन दिवसांनी दूध तापत ठेवलं होतं आणि मी तिथेच, हाताच्या अंतरावर, सफरचंदं चिरत उभी — आमचे हे बाहेरून धावत आले, अगं करपलं, करपलं, घरभर वास सुटलाय. मी तिथेच उभी होते हो. भांडं काळं झालेलं. मी म्हटलं, माझं लक्ष नव्हतं. आणि त्यांचा विश्वास बसला. लक्ष नसेल, वय झालं, विषय संपला. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. गोड कळतं, आंबट कळतं, खारट कळतं, तेवढं जिभेवर राहिलंय. बाकी काही नाही. लवंग नाही, दालचिनी नाही, चेरी आणि प्लममधला फरक मी आता डोळ्यांनी सांगते. मे महिन्यात नात आली होती, दीड वर्षाची, आम्ही तिला मुंगी म्हणतो — मी तिचं डोकं हुंगलं आणि काहीच आलं नाही. भिंत हुंगावी तसं. मी तिला परत लेकीच्या हातात दिली आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

कुणाला सांगू? डॉक्टरला सांगितलं, तो म्हणाला, येईल, कधीकधी येतं, कधीकधी नाही. एवढा स्पष्ट माणूस मी पाहिला नाही. ह्यांना सांगितलं तर हे लेकीला सांगणार आणि लेक तर टपूनच बसलीय — आई, बंद कर आता ती भट्टी, दोघं आमच्याकडे राहायला या, मुंगीला आजी मिळेल. ह्यांचाही एक पाय तयारच आहे. माझ्याच्याने नाही होत. मला भीती वाटते — तिथे जाऊन मी काय करू? तीस वर्षं ह्या टेबलाशी उभी आहे मी, टेबलाला माझ्या कोपराएवढा खड्डा पडलाय, बघा, हा. दुसरीकडे मी कोण? म्हणून मी नाही बोलले. सांभाळून नेलं. अंदाज सगळा हाताला ठाऊक आहे, किती चिमूट, किती मूठ. आणि चव बघायला तुम्ही आहात की. म्हणजे गिऱ्हाईक. येईल त्याच्या हातावर एक पाई ठेवायची, घ्या, बघा कशी झालीय, आणि चेहरा बघायचा. भुवया वर गेल्या की चांगलं. चघळणं मध्येच थांबलं की काहीतरी चुकलंय. सगळ्यांना वाटतं, काय मोकळ्या हाताची बाई आहे.

पण लोक फार सभ्य असतात हो. एकदा लवंग दुप्पट पडली — पुढे एक म्हातारी सरळ म्हणाली म्हणून कळलं, लवंगेने जीभ बधिर झाली — पण तिच्या आधी अकराजण तीच पाई खाऊन छान छान म्हणून गेले होते. अकरा. तेव्हापासून छान ह्या शब्दावर माझा विश्वास नाही. आणि मागच्या महिन्यात — नाही, ते राहू द्या. ते वेगळं.

वेगळं म्हणजे, एका वाढदिवसाला चाळीस पाई गेल्या. लोणी जुनं होतं. आता वाटतं जुनं होतं, तेव्हा मला काय कळणार, पांढरं दिसत होतं. खवट लोण्याला डोळे काय करणार. रात्री तिकडच्या दोन पोरांना उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी त्या पोरांची आई आली आणि मलाच म्हणाली, कुलफीवाल्याची काहीतरी गडबड होती. कुलफीवाल्याला बोलली असेल ती नंतर. मी काय केलं? मी मान हलवली. हो का, म्हटलं, आजकाल काही भरवसा नाही. असं म्हटलं मी, ह्या तोंडाने. पोरं बरी झाली, खेळतायत, काल दिसली मला. पण मी तो रस्ता आता टाळते.

तर बाटल्या. ही आणि ही. दोन्ही सारख्या, दोन्हीत पाण्यासारखं पांढरं, दोन्ही अर्ध्या. एक व्हिनेगर. दुसऱ्यात ॲसिड आहे — किटलीत आणि ट्रेंवर पाण्याचा तो पांढरा थर बसतो ना, तो काढायचं. त्याचा कॅन तडकला होता, वर्ष झालं, म्हणून मी ते व्हिनेगरच्याच रिकाम्या बाटलीत ओतलं. चिठ्ठी? नाही लावली. तीस वर्षांत मी कशाला चिठ्ठी लावली नाही, सोडा नाही, कॉर्नफ्लॉवर नाही, काही नाही. शिकायला मुली यायच्या पूर्वी, डब्यांवर नावं लिहायच्या, मी हसायचे त्यांना — म्हणायचे, अगं झाकण उघडा, नाकाला विचारा, नाक कशाला दिलंय. फार तोरा होता मला नाकाचा. ताप उतरल्यावर लावायला हवी होती, बरोबर बोललात, पण लावली असती तर ह्यांनी विचारलं नसतं का, आज चिठ्ठी कशी काय? म्हणून मी जागा ठरवली. व्हिनेगर डावीकडे, ॲसिड उजवीकडे, सिंकखालच्या फळीवर, मध्ये फडक्यांची टोपली. आठ महिने एकदाही चुकले नाही.

आणि काल आमच्या ह्यांनी फळी पुसली. लेक आणि मुंगी येतायत सुट्टीला, म्हणून ह्यांना उत्साह. एरवी स्वतःचा कप उचलत नाहीत, काल सिंकखाली शिरले. मला सकाळी काही दिसलं नाही, अंधारच होता तिथे, हात डावीकडे गेला, बाटली आली, चार चमचे घातले, मळलं, लाटलं, साच्यात बसवलं, भरलं, वर पारी लावली, वाफेसाठी चिरा दिल्या, अंड्याचा हात फिरवला — सगळे घाणे भाजून झाल्यावर, अकराच्या सुमाराला, बाटली परत ठेवायला वाकले तर फडक्यांची टोपली नाही. फळी चकचकीत आणि दुसरी बाटली एका टोकाला भिंतीशी. कुणाचं डावं आणि कुणाचं उजवं? मी तिथेच बसले जमिनीवर.

फोन केला की ह्यांना. हे लांबच्या मोठ्या स्टेशनच्या वाटेवर, गाडी चालवत. विचारलं, बाटल्या कशा ठेवल्या? म्हणाले, पुसून ठेवल्या, ओळीत, छान दिसतं की नाही? म्हटलं, कुठली कुठे? म्हणाले, अगं मला काय माहीत, हुंगून बघ. हुंगून बघ. आणि फोन ठेवला. समोरच्या शिंप्याला बोलवावं म्हटलं, पण त्याला एक गोष्ट सांगितली की संध्याकाळपर्यंत गल्लीभर तिचे कपडे शिवून होतात. सोडा टाकून बघितला दोन्हींत, तर दोन्ही फसफसले. आंबट ते फसफसणारच. जिभेला लावलं, बोटाच्या टोकावर घेऊन, तर दोन्ही आंबट, दोन्ही झोंबतात, एक जास्त झोंबतं असं वाटलं, मग दुसरं जास्त झोंबतं असं वाटलं. शेवटी ह्या ताटलीतल्या दोन पाई खाल्ल्या. हो, मी स्वतः. म्हटलं, काय व्हायचं ते मला होऊ दे. आता अडीच वाजले. पोटात कसंतरी होतंय, पण ते भीतीनेही होतं, सकाळपासून चहाशिवाय काही नाही पोटात. त्यावरून काय ठरवू? मी मोठी बाई. तुमच्याकडे पोरं किती येतात? पंधरा? सतरा. सासूबाई म्हणाल्या होत्या, पोरं आधी पाईंवरच पडतात.

तर ही घ्या. हीच सकाळी वापरली, ह्याच्याबद्दल खात्री आहे, हिच्या गळ्याला पीठ लागलंय बघा. झाकण काढलंय मी. हुंगा आणि सांगा.

व्हिनेगर? नक्की?

व्हिनेगर. बरं. बरं बाई. देव तुमचं भलं करो. काय म्हणालात, सॅलडमध्ये असतं तसंच? हो, तसंच असतं ते. मी उगाच — तुम्हीही म्हणाल, काय बाई आहे, तासभर माझं डोकं खाल्लं. डबे घ्या. चेरीचे तीन वर ठेवा, प्लमवर भार चालतो. सकाळपासून मी स्वतःला इतके शाप दिलेत ना. सासूबाईंना सांगा, प्लम यंदा जरा आंबट आहेत, म्हणून साखर —

तुम्ही फार लवकर हो म्हणालात.

नाही, काही नाही. फक्त — बाटली नाकाशी नेलीत का तुम्ही? इथपर्यंत आली होती, हनुवटीपर्यंत. मी चेहऱ्याकडे बघत होते, मला आता सवयच लागलीय. तुमचा चेहरा हललाच नाही. व्हिनेगर हुंगलं की माणूस थोडं तरी मागे होतं. बरं, रागावू नका. एकच करा, दुसरीतलंही बघा, म्हणजे दोन्हींचा ताळा जमेल. तुम्ही बसा, मी मागे जाऊन कपात थोडं ओतून आणते, बाटलीतून तुमच्या कपड्यांवर सांडायला नको. एक मिनिट.

हं. हा घ्या कप. जपून. काय येतंय?

ॲसिड. असं. उग्र आहे? डोळ्यांना लागतं? तोंड वाकडं केलंत तुम्ही, हो, ह्या खेपेला केलंत. द्या तो कप इकडे.

अहो, ओरडू नका. सोडा माझा हात. प्यायले मी, बघा, सगळा प्यायले. नळाचं पाणी आहे ते. मागच्या नळाचं, आत्ता भरलं.

बसा. रडू नका. मला तुमचा राग नाही आला, खरंच नाही. गाडी बाहेर, चारला पाहुणे यायचेत, सासरी पहिलाच मेळावा, आणि हातात काय, तर एका म्हातारीची भुतं. रिकाम्या हाताने गेलात तर मोठी जाऊ काय म्हणेल, सासूबाई काय म्हणतील. तुम्हाला वाटलं, हिला काय ऐकायचंय ते ऐकवावं आणि सुटावं. मीही तेच करतेय की आठ महिने. कुणी विचारलं, सारण कसं झालंय, की चमचा तोंडात घालायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, झकास. माझं बघूनच लोक झकास म्हणतात आणि लोकांचं बघून मी. कुणीच काही हुंगलेलं नसतं.

आता खरं हुंगते म्हणता. ठेवा ती बाटली. ठेवा म्हटलं ना. तुम्ही आता व्हिनेगर म्हणालात तर मला वाटेल, घाबरून म्हणाली. ॲसिड म्हणालात तर वाटेल, मघाचं सावरायला म्हणाली. आणि समजा निघालंच व्हिनेगर. आज व्हिनेगर निघेल. उद्या लोणी असेल, परवा अंडं असेल. सतरा पोरं म्हणालात तुम्ही. मी त्या दोन पोरांच्या आईपुढे मान हलवली होती, सतराजणांच्या आयांपुढे कशी हलवू?

कात्री द्या ती. दोरी कापायचीय. — नाही, उघडून बघायच्या नाहीत, बघून काय कळणार, दिसायला देखण्याच आहेत. हा सफरचंदाचा पहिला. हा दुसरा. सरका, बादली पुढे घेऊ द्या. धरू नका मला, सूनबाई, अंगात जोर आहे माझ्या अजून, तीस वर्षं पीठ मळलंय. हा प्लमचा. मोडक्याही जाऊ देत ह्यातच. मला काय वाटत नाही होय? पहाटेपासून उभी आहे मी.

झालं. आता तुम्ही जा. वाटेत कोपऱ्यावर फळवाला आहे, त्याच्याकडून काय मिळेल ते घ्या, पोरांना फळं चालतात. आणि सासूबाई विचारतील, तेव्हा डबे पडले, गाडीत सांडले, असलं काही सांगू नका. सांगा, तिला वास येत नाही, आठ महिने झाले, तिने स्वतः फेकल्या. त्यांनी पुढे कुणालाही सांगितलं तरी चालेल. मला फोन करून नाही सांगता येणार हो. पाचच्या आत ही तिघं येतील, त्यांना मी काय ते सांगेन, तिथे मला नाही कुणाची मदत लागणार. तुम्ही निघा. दार उघडंच राहू द्या. आणि मागे वळून बघू नका, बाई, मला आता कुणाचा चेहरा बघायचा नाहीये.